टायमिंग बेल्टच्या ताणाला सामानकाटा: चारशे रुपयांत किती खरं कळतं?

बॅगेचं वजन करायला म्हणून विकला जाणारा डिजिटल काटा सांगलीत मारुती रोडच्या बाजारातही मिळतो आणि ऑनलाइनही. मुठीत मावेल एवढा, खाली हुक नाहीतर पट्टा, वर हातात धरायची दांडी. बहुतेकांवर 50 किलो क्षमता आणि 10 ग्रॅमची पायरी छापलेली असते. किंमत चारशेच्या आत. इथे त्याची पारख प्रवासासाठी केलेली नाही. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा (क्रँक) आणि व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (कॅम) यांना जोडणारा दातेरी पट्टा, बदलताना, बेल्टचा ताण मोजायचं खास टेन्शन गेज हाताशी नसताना, हा काटा आणि फोनमधलं एक फुकट ॲप मिळून कितपत भरवशाचं काम देतात, एवढंच पाहिलं आहे.

निकाल आधीच सांगतो. काटा बेल्टचा ताण तपासायला बरा आहे, बोल्ट मापात आवळायला फारच चांगला आहे, आणि ताण ठरवायला निरुपयोगी आहे. ताण ठरवायचं काम टेन्शनरच्या, म्हणजे बेल्टला ताठ धरणाऱ्या चाकाच्या, स्प्रिंगचं. ते हातात घेतलं की काटा कितीही अचूक असला तरी काम बिघडतं.

हे सगळं कुठल्या गाड्यांसाठी, ते स्पष्ट असू द्या. मारुती 800, ओम्नी, जुनी झेन, एस्टीम, जिप्सी, म्हणजे टेन्शनरला एक साधी स्प्रिंग, एक स्टड आणि एक बोल्ट असलेली सुझुकीची बेल्टवाली इंजिनं. 800 बंद झाली 2014 मध्ये, ओम्नी 2019 मध्ये, पण तासगाव, जत, कवठेमहांकाळकडे या गाड्या अजून रोजच्या कामात आहेत आणि त्यांचे बेल्ट अंगणातही बदलले जातात. मारुतीच्या के-सिरीज इंजिनात चेन आहे, तिथे हा विषयच नाही. हायड्रॉलिक टेन्शनर असेल किंवा टेन्शनरवरचा दर्शक खाचेला जुळवायची सोय असेल, तिथेही सामानकाट्याने ओढाताण करू नये; तिथे त्या टेन्शनरची स्वतःची रीतच पाळायची.

आता जास्त चुका होतात ती जागा. या इंजिनांत बेल्ट सैल राहण्यापेक्षा फाजील ताठ झालेला जास्त आढळतो. कारण सरळ आहे: सैल बेल्टची भीती सगळ्यांना असते, ताठ बेल्टची कुणालाच नसते. मग स्प्रिंग लावल्यावरही टेन्शनरमागे मोठा स्क्रू-ड्रायव्हर घालून, दाबून धरून बोल्ट आवळला जातो. गाडी चालू होते, बेल्ट सुटत नाही, गिऱ्हाईक खूश. पण कव्हरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी घूं अशी शीळ येऊ लागते. टेन्शनरचं बेअरिंग लवकर जातं, कॅमच्या टोकाच्या ऑइल सीलवर भार येतो, आणि बेल्टच्या दातांच्या मुळाशी बारीक चिरा पडतात. उतरवलेला बेल्ट हातात घेतला की खूण दिसते. दोन दातांमधली सपाट जागा घासून चकचकीत झाली असेल तर बेल्ट ताठ होता. दातांच्या बाजू झिजल्या असतील, कापड विरलं असेल तर सैल होता. एकच कड कुरतडलेली असेल तर ताणाचा दोष नाही, टेन्शनर तिरका बसलाय.

स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं म्हणजे काय, इथे थोडं थांबायला हवं, कारण काट्याचे सगळे आकडे यावरच उभे आहेत. कॅमला व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचा दाब असतो. बेल्ट नसताना कॅम मोकळा सोडला की एखाद्या उंचवट्यावरून घसरून तो पुढे किंवा मागे स्वतःच सरकतो. बेल्ट चढवताना हा दाब तसाच असेल, तर बेल्टच्या एका बाजूला ताण साठतो आणि दुसरी बाजू सैल पडते. टेन्शनरच्या स्प्रिंगला मग खरा ढिलेपणा कळतच नाही. कधी ती जास्त ओढते, कधी कमी. म्हणून सुझुकीच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेली रीत अशी: टॅपेट कव्हर काढा, सगळ्या रॉकरचे, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणाऱ्या तरफांचे, ॲडजस्टिंग स्क्रू पूर्ण सैल करा, म्हणजे कॅम बोटाने फिरेल इतका मोकळा होईल. साध्या सहा व्हॉल्व्हच्या 800 मध्ये हे सहा स्क्रू आहेत. पुढे टॅपेट सेटिंग, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट लावणं, पुन्हा करावं लागतं म्हणून ही पायरी सर्रास गाळली जाते. ती गाळून घेतलेल्या ताणाच्या मापाला अर्थ नाही. स्क्रू सैल असले की सगळे व्हॉल्व्ह बंद राहतात, त्यामुळे बेल्ट नसताना कॅम किंवा क्रँक फिरवला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागायची धास्ती कमी, हा वरचा फायदा.

क्रम थोडक्यात सांगतो. इंजिन पूर्ण गार, शक्यतो रात्रभर उभं. बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, प्लग काढलेले. कॅम पुलीची खूण मागच्या कव्हरवरच्या खुणेला, क्रँकच्या दातेरी पुलीवरचा ठिपका ऑइल पंपाच्या अंगावरच्या बाणाला. टेन्शनर आणि त्याची प्लेट बसवताना प्लेटचा कान टेन्शनरच्या भोकात गेलाय ना, हे प्लेट हलवून पाहायचं. प्लेट हलली की टेन्शनरही त्याच दिशेला हलला पाहिजे. हलला नाही तर कान बाहेर राहिलाय आणि पुढचं सगळं वाया. बोल्ट हातानेच लावून ठेवायचा. प्लेट बोटाने मागे ढकलून बेल्ट चढवायचा, टेन्शनर नसलेली लांब बाजू ताठ ठेवून. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेला. मग स्प्रिंग आणि स्टड, तोही हातानेच. आता क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन घड्याळाच्या दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवायचं, सावकाश. मागे अजिबात फिरवायचं नाही. मागे फिरवलं की ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूकडून ओढीच्या बाजूला जातो आणि स्प्रिंगने केलेलं काम मोडतं. जास्त फिरलं तर खूण गाठायला अजून दोन फेरे पुढेच. दोन फेऱ्यांनी स्प्रिंगने टेन्शनर जिथे नेला असेल तिथेच आधी स्टड, मग बोल्ट. उलट क्रमाने आवळलं तर बोल्टाबरोबर प्लेट फिरून ताण बदलू शकतो. खुणा परत पाहायच्या. त्यानंतर टॅपेट सेटिंग, फीलर गेजने, मॅन्युअलमधल्या मापाने.

सामानकाटा खरा चमकतो तो इथे, स्टड आणि बोल्ट आवळताना. बाजारात सहज मिळणारा अर्ध्या इंची टॉर्क पाना (आवळण्याचा जोर मोजणारा) बहुधा 28 ते 210 न्यूटन-मीटरचा असतो. टेन्शनरचा स्टड त्याच्या मापाच्या खालीच राहतो, एस्टीम-जिप्सीच्या 1.3 लिटर इंजिनात स्टड 9 ते 12 आणि बोल्ट 24 ते 30 न्यूटन-मीटर. मोठ्या पान्यावर 11 लावून क्लिकची वाट पाहिली की क्लिक येतच नाही, आणि ॲल्युमिनियममधली आट निघून जाते. पाव इंची, 5 ते 25 न्यूटन-मीटरचा पाना घ्यावा हे बरोबरच, पण वर्षातून एकदा लागणाऱ्या कामाला तो किती जण घेणार? काट्याने तेच माप मिळतं. रिंग पाना बोल्टवर बसवा. बोल्टच्या मध्यापासून 15 सेंटिमीटरवर पान्याला खूण करा. तिथे काट्याचा पट्टा अडकवून पान्याशी काटकोनात ओढा. 11 न्यूटन-मीटरसाठी ओढ लागते साडेसात किलो. 25 न्यूटन-मीटरसाठी 20 सेंटिमीटरवर पावणेतेरा किलो. हिशेब सोपा आहे: न्यूटन-मीटरला मीटरमधल्या अंतराने भागा, आलेल्या आकड्याला 9.8 ने भागा, किलो मिळाले. काटकोन 15 अंशांनी चुकला तर फरक तीन टक्के, सोडून द्या. 30 अंशांनी चुकला तर तेरा टक्के, तेवढा चुकू देऊ नका. 800 ची मापं तिच्या मॅन्युअलमधली घ्या; एस्टीमचे आकडे तिला लावू नका.

यातली एक खोच काट्याच्या होल्डची. बहुतेक सामानकाटे वजन स्थिर झालं की आकडा गोठवतात आणि बीप देतात. बॅगेला ते सोयीचं, पण पाना हळूहळू ओढताना मध्येच हात थांबला की आकडा पाच किलोवर गोठतो आणि तुम्ही पुढे ओढतच राहता. ओढ न थांबवता एका दमात मापापर्यंत न्यायची, किंवा होल्ड बंद करायची सोय असलेला काटा घ्यायचा. लोखंडी स्प्रिंगचा साधा लटकता काटा मिळाला तर या कामाला तो डिजिटलपेक्षा चांगला. तो गोठत नाही, सेल मागत नाही, आणि ओढ वाढताना डोळ्यांना दिसते. डिजिटलमध्ये एककाचं बटणही बेरकी असतं. हातात घेताना दाबलं गेलं की किलोचे पौंड होतात, आणि साडेसात पौंड म्हणजे साडेतीन किलोसुद्धा नाही. काम सुरू करायच्या आधी पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली लटकवून पाहा: एक किलो आणि बाटलीचे थोडे ग्रॅम. नंतर दोन बाटल्या. दोन्ही वेळा बरोबर आला तर काटा चालेल. सेल उतरला की आकडा भरकटतो, तेव्हा नवा सेल घालून मगच.

आता बेल्टचा ताण तपासणं. गॅरेजची जुनी रीत अंगठ्याची: सर्वांत लांब मोकळ्या टप्प्याच्या मध्यावर अंगठा आणि तर्जनीत बेल्ट धरून पिळायचा, जेमतेम 90 अंश फिरला की ताण ठीक. ही रीत टाकाऊ नाही, पण तिचं काम मोठी चूक पकडायचं, बारीक माप सांगायचं नाही. रुंद बेल्ट कमी पिळतो, अरुंद जास्त. टप्पा लांब तर सहज, आखूड तर अवघड. नवा बेल्ट जुन्यापेक्षा कडक. शिवाय मार्केट यार्डात हळदीची पोती उचलणाऱ्याच्या बोटांचे 90 अंश आणि शाळकरी मुलाच्या बोटांचे 90 अंश एक नसतात. बेल्ट 45 अंशांवरच अडला किंवा बिनकष्ट पूर्ण उलटा झाला, तर काहीतरी चुकलंय, एवढं अंगठा खात्रीने सांगतो.

काट्याने मोजायची पद्धत बेल्टला आडवं ओढायची. टेन्शनर नसलेल्या बाजूचा कॅम पुली ते क्रँक पुली हा सलग टप्पा निवडायचा. बेल्ट पुलीला जिथे सोडतो आणि जिथे धरतो त्या दोन जागांमधलं अंतर मोजायचं. पुलींच्या मध्यापासून मोजू नका. मध्यावर ओढून बेल्ट टप्प्याच्या 64 व्या भागाइतका वाकवायचा, म्हणजे 100 मिमीला सुमारे 1.6 मिमी. 240 मिमी टप्पा असेल तर पावणेचार मिमी. तेवढं वाकवायला जितके किलो लागतात त्याच्या 16 पट बेल्टचा ताण. दीड किलो लागले तर ताण 24 किलोच्या आसपास. हे 16 आभाळातून पडलेलं नाही: मध्यावरची ओढ म्हणजे ताणाच्या चौपट, गुणिले वाकणं, भागिले टप्पा, वाकणं टप्प्याच्या 64 व्या भागाइतकं ठेवलं की 16 येतात.

अडचण आकड्यांत नाही, मिलिमीटरांत आहे. पावणेचार मिमीत अर्धा मिमी चुकला की ताण तेरा टक्के चुकतो, आणि इंजिनाच्या धुळीत अर्धा मिमी डोळ्याने दिसत नाही. म्हणून शून्यापासून मोजू नका. आधी अर्धा किलो ओढून बेल्टची जागा एका ताठ पट्टीवर खूण करा, मग ओढ वाढवून दुसरी खूण, आणि फरक व्हर्नियरने मोजा. हिशेबात ओढही फरकाचीच धरायची आणि वाकणंही. हुक बेल्टच्या एका कडेला लावला तर बेल्ट तिरका होतो आणि खोटा आकडा मिळतो. बेल्टच्या रुंदीएवढी निवारीची पट्टी गुंडाळून तिला हुक लावायचा. 800 मध्ये टायमिंगची बाजू मडगार्डकडे, हात जेमतेम जातो. तिथे दोरी वळवून ओढण्याचा मोह होतो, पण दोरी कशावरही घासली की घर्षणाचे किलो काट्यावर जमा होतात. सरळ रेषेत ओढता येत नसेल तर काटा ठेवून द्या आणि फोन काढा. ओम्नीत इंजिन सीटखाली, तिथे तर बहुतेक वेळा फोनच बरा.

फोनची पद्धत मिरजेत कुणाला समजावून सांगावी लागू नये. सितार-तंबोऱ्याची वाद्यं करणारं हे गाव. तार ताणली की सूर चढतो, लांब केली की उतरतो, जाड घेतली की उतरतो. बेल्टचा मोकळा टप्पा हीसुद्धा एक जाड तार. तो छेडला की विशिष्ट कंपनसंख्येने थरथरतो; सेकंदाला किती वेळा, ते हर्ट्झमध्ये सांगतात. ताण काढायचं सूत्र: चार गुणिले एका मीटर बेल्टचं वजन किलोत, गुणिले टप्प्याच्या मीटरमधल्या लांबीचा वर्ग, गुणिले हर्ट्झचा वर्ग. उत्तर न्यूटनमध्ये. समजा बेल्टचं वजन मीटरला 110 ग्रॅम, टप्पा 20 सेंटिमीटर, सूर 120 हर्ट्झ. ताण 253 न्यूटन, म्हणजे सुमारे 26 किलो. हा नमुना हिशेब आहे, कुठल्याही गाडीचं माप नाही. मीटरचं वजन काढायला नवा बेल्ट स्वयंपाकघरातल्या ग्रॅमकाट्यावर ठेवा आणि त्याच्या एकूण लांबीने भागा. लांबी म्हणजे दातांची संख्या गुणिले दोन दातांमधलं अंतर. हे बेल्ट चढवायच्या आधीच करून ठेवा.

ॲप कोणतं? फायफॉक्स घ्या. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठातून आलेलं, फुकट, फोनचे सेन्सर प्रयोगासाठी वापरू देणारं ॲप. त्यात आवाजाचा स्पेक्ट्रम, म्हणजे किती हर्ट्झचा आवाज किती मोठा ते, दाखवणारा भाग आहे. त्यात सॅम्पलची संख्या वाढवा. सेकंदाला 48000 च्या दराने 2048 सॅम्पल घेतले तर दोन शेजारच्या आकड्यांत 23 हर्ट्झचं अंतर राहतं, ते या कामाला जाड आहे. 16384 घेतले तर 3 हर्ट्झवर येतं. गिटार किंवा तंबोरा लावायची ट्यूनर ॲप्स या कामात टाळावीत. ती सूर ओळखायला बनलेली असतात आणि बेल्टच्या ठसक्यातला वरचा सा पकडतात. तंबोऱ्याला वरचा सा कळला तरी बिघडत नाही. इथे हर्ट्झ दुप्पट वाचले की ताण चौपट निघतो, कारण सूत्रात वर्ग आहे. त्याच कारणाने हर्ट्झमध्ये दहा टक्के चूक म्हणजे ताणात एकवीस टक्के.

छेडायचं कसं, तर टप्प्याच्या मध्यावर बोटाने तार छेडतात तसं, किंवा स्क्रू-ड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने हलकं टकटक. फोनचा माइक बेल्टच्या मध्यापासून एक-दोन सेंटिमीटरवर. बेल्टचा आवाज गुंजत नाही, ठप् करून क्षणात विझतो, म्हणून पाच-सहा वेळा छेडून सर्वांत कमी हर्ट्झची स्पष्ट टोकदार रेघ घ्या. शेजारी कॉम्प्रेसर चालू नको. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथच्या आवाजात हे जमणार नाही, जेवणाची सुटी साधा. 100 हर्ट्झच्या खालचे आवाज काही फोनचे माइक नीट उचलत नाहीत, तेव्हा रेघ दिसली नाही तर बेल्ट सैलच आहे असं धरू नका. दुसरा फोन लावून पाहा.

दोन्ही पद्धतींची एक समान मर्यादा. बेल्ट ही खरी तार नाही, तिला स्वतःचा कडकपणा आहे, आणि टप्पा जितका आखूड तितका तो कडकपणा आकड्यात घुसतो. दोन दातांमधल्या अंतराच्या सुमारे वीसपट लांब टप्पा असेल तर ठीक. 8 मिमी अंतराच्या बेल्टला 160 मिमी. त्याहून आखूड टप्प्यावर काटाही आणि फोनही खऱ्यापेक्षा जास्तच ताण दाखवतात. दोघांच्या उत्तरांत पाचव्या हिश्शापेक्षा जास्त फरक पडला, तर आधी टप्प्याची लांबी पुन्हा मोजा. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

आता आलेल्या आकड्याचं करायचं काय? स्प्रिंगवाल्या टेन्शनरला मॅन्युअल ताणाचा आकडा देत नाही, रीत देते. म्हणून हे आकडे तुलनेसाठी. दोन फेरे फिरवून एकदा मोजा. स्टड-बोल्ट सैल करून, स्प्रिंगला परत मोकळं सोडून, पुन्हा दोन फेरे आणि पुन्हा माप. दोन्ही वेळा हर्ट्झ जवळजवळ तेच आले तर स्प्रिंग मोकळी काम करते आहे. दर वेळी वेगळे आले तर टेन्शनर अडकतोय, प्लेटचा कान बाहेर आहे, किंवा टॅपेट सैल केलेले नाहीत. या एका तपासणीसाठी काटा आणि फोनचा खटाटोप पूर्ण वसूल होतो. तिसरं माप आवळल्यानंतर. आवळल्याने हर्ट्झ बदलले तर आवळताना टेन्शनर सरकला, पुन्हा करा.

इंजिन गार हवं, हे वर सांगितलंच. कारण गरम झाल्यावर ॲल्युमिनियमचं हेड फुगतं, कॅम आणि क्रँकमधलं अंतर किंचित वाढतं आणि बेल्ट ताठ होतो. गरम इंजिनावर बरोबर लावलेला ताण सकाळी गार इंजिनावर सैल निघतो, आणि स्टार्टर मारताना धक्का सगळ्यात मोठा असतो. सैल बेल्ट दात टाकतो तो बहुधा तेव्हाच, नाहीतर चढावर गिअरमध्ये उभी केलेली गाडी मागे सरकून इंजिन उलटं फिरल्यावर. पहाटे सुरू करताना कव्हरमधून चट् चट् येऊन गरम झाल्यावर थांबत असेल तर कव्हर उघडा.

खरेदीबद्दल. किट म्हणून बेल्ट आणि टेन्शनर एकत्र मिळतात, पण अनेक किटमध्ये स्प्रिंग नसते आणि कुणी मागतही नाही. सगळा ताण जिच्या जोरावर, ती पंधरा-वीस वर्षांची गंजकी स्प्रिंग परत लावायची आणि नव्या बेल्टकडून अपेक्षा ठेवायची, याला अर्थ नाही. स्प्रिंग वेगळी मागा, ओरिजिनल पार्टच्या दुकानात मिळते. नवी आणि जुनी शेजारी ठेवा: जुनी लांब झालेली किंवा तिचा आकडा उघडलेला दिसला तर बेल्ट का सैल राहायचा ते कळेल. जुनी स्प्रिंग एक वेढा कापून ताठ करायची क्लृप्ती कोणी सुचवली तर नको म्हणा. कॅम आणि क्रँकचे पुढचे सील ओले असतील तर याच वेळी बदला. ऑइल लागलेला बेल्ट फुगतो आणि मग कुठल्याच मापाला अर्थ उरत नाही. नवा बेल्ट मुडपू नका, उलटा करू नका, त्यावर कसलाही स्प्रे मारू नका.

कृष्णेच्या पुराचं पाणी लागलेल्या गाडीची गोष्ट निराळी. 2019 आणि 2021 च्या पुरात सांगलीत बुडालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून परत रस्त्यावर आल्या. अशी गाडी विकत घेतली असेल तर बेल्टचा ताण तपासत बसू नका. गाळ दातांत आणि टेन्शनरच्या बेअरिंगमध्ये जातो, ग्रीस धुऊन निघतं, स्प्रिंग गंजते. बेल्ट, टेन्शनर, स्प्रिंग, तिन्ही नवे.

डिझेलसाठी, विशेषतः जिथे इंधनाचा पंपही याच बेल्टवर फिरतो, तिथे या लेखातलं काहीच लावू नका. तिथे तीन अक्ष एकमेकांशी जुळवायचे असतात, ते लॉकिंग पिन लावूनच जुळतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा इतकी कमी की दोन दात उडाले तरी हेड उघडावं लागतं. छोट्या हत्तीवर दिवसाचं भाडं अवलंबून असेल तर पिना आणि मॅन्युअल असलेल्या ठिकाणीच काम द्या. पिना आहेत का, हे आधी विचारा. डोळ्याने जुळवतो म्हणाले तर दुसरीकडे जा.

शेवटची पायरी फुकट आहे आणि कोणी करत नाही. कव्हर बसवायच्या आधी त्याच्या आतल्या बाजूला न पुसल्या जाणाऱ्या मार्करने लिहून ठेवा: तारीख, किलोमीटर, टप्प्याची लांबी मिमीत, बेल्टचं मीटरचं वजन, हर्ट्झ, आणि इंजिन गार होतं का. नवा बेल्ट सुरुवातीच्या वापरात थोडा बसतो. हजारेक किलोमीटरनंतर कव्हर उघडून फोन परत धरलात तर हर्ट्झ थोडे उतरलेले दिसतील, तेवढ्यावर हात लावायचा नाही. बरेच उतरले असतील तर स्टड सुटलाय किंवा टेन्शनर बसलाय, आणि ते पाहायला आता तुमच्याकडे आधीचा आकडा आहे.